चौतीस नावं

आमच्या शाळेत फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असतं. कुणी दिलेलं नाही, मीच अंगावर ओढून घेतलंय. कॉम्प्युटरवर बोटं चालतात, इंग्रजी बरं आहे, आणि दुसऱ्याचं चुकलेलं मला बघवत नाही, ही खोड जन्माची. स्टाफरूममध्ये कुणी "इंदुमती टीचर, एवढं टाईप करून देता काय?" म्हटलं की मी आधी चार शब्द सुनावते आणि मग करून देते. जयक्काचा फॉर्मही मीच भरला. तेवढा एक भरला नसता तर काय बिघडलं असतं, असं आता रोज वाटतं.

जयक्का म्हणजे जयलक्ष्मी टीचर. दुसरी 'ब'ची वर्गशिक्षिका, एकोणतीस वर्षं त्याच वर्गात, त्याच खिडकीशेजारी. राहायची धारवाडला. रोज सकाळी चिगरी नावाच्या जलद बसनं हुबळीला यायची, उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या शाळेपर्यंत चालत, हातात डबा आणि काखेत छत्री, ऊन असो नसो. माझा तिसरीचा वर्ग तिच्या भिंतीला लागून. तिची दुसरी संपली की ती पोरं माझ्याकडे येत, आणि येताना जयक्का प्रत्येकाची कुंडली सांगून माझ्या हवाली करायची. ह्याला ओरडू नको, हा घाबरून शू करतो. हिला पहिल्या बाकावर घे, हिला लांबचं दिसत नाही पण घरी कुणाला पत्ता नाही. मी म्हणायची, "अक्का, पोरं देतेस की लेकी सासरी धाडतेस?" ती हसायची आणि आणखी दोघांचं सांगायची.

आणि नावं! जून महिन्यात पहिल्या दिवशी पोरं वर्गात शिरली की मधल्या सुट्टीपर्यंत हिला सगळी नावं पाठ. मला आठवडा लागतो, तोही पोरांच्या वह्यांवर डोळा ठेवून. हिचं तसं नाही. एकदा नाव कानावर पडलं की ते कायमचं. एकदा आम्ही दोघी दाजीबानपेठेत साडीला फॉल घ्यायला गेलो होतो. गल्ल्यावर चांगला पोट सुटलेला, मिशीवाला माणूस. जयक्कानं चष्मा वर केला आणि म्हणाली, "प्रभंजन! पेन्सिली चघळायचं सोडलंस काय रे?" तो माणूस गिऱ्हाइकांसमोर असा लाजला म्हणता! उठून पाया पडला, फॉलचे पैसे घेईना. वाटेत मी विचारलं, कधीचा हा? तर म्हणे, बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. तिला त्याच्या शेजारी कोण बसायचं तेही आठवत होतं.

ही त्याच जयक्काची गोष्ट आहे, म्हणून आधी सांगितलं.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्या हेडमिस्ट्रेस आल्या, प्रियांका मॅडम. वयानं लहान, बंगळुरात शिकलेल्या, वाईट नाहीत, पण कागदाचं भारी वेड. त्यांनी नवीन पद्धत काढली. जूनमध्ये प्रत्येक टीचरनं आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक गोल लिहायचा, म्हणजे हे मूल आज कुठं आहे आणि ऑक्टोबरपर्यंत कुठं पोचायला पाहिजे. शिवाय टीचरनं स्वतःसाठीही एक गोल लिहायचा. दसऱ्याच्या सुट्टीआधी मॅडम स्वतः वर्गात मागं बसून चाळीस मिनिटं बघणार, गोल तपासणार, शेरा देणार. जिचा शेरा खाली येईल तिचा वर्ग काढून घेऊन तिला मार्चपर्यंत ऑफिसात बसवणार. स्टाफरूममध्ये दिवसभर तोच विषय. आम्ही कोडग्या टीचर मुलांची जूनची पातळी मुद्दाम खाली लिहायला लागलो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये ती आपोआप वर दिसेल. मीही लिहिली, खोटं कशाला बोलू?

जयक्काला तर मार्चमध्ये रिटायरच व्हायचं होतं. शेवटचं वर्ष. मी म्हटलं, तुला कसली काळजी, नऊ महिन्यांचा तर प्रश्न. ती म्हणाली, "मला वर्गातून निघायचंय गं, ऑफिसातून नाही. शेवटच्या दिवशी चौतीस पोरं दारात उभी करायची, एकेकाचं नाव घ्यायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि चपला घालायच्या. एवढंच पाहिजे बघ मला."

एवढंच पाहिजे होतं तिला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं आपले गोल आणून दिले. रेघी कागदावर, मराठीत, तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात. मी ते इंग्रजीत टाईप करायचे. एकाची जूनची पातळी खाली लिहिलेली नाही, सगळं होतं तसं. मुकुल: हातच्याची वजाबाकी. सायली: एक पान न अडखळता वाचणे. वेदश्री: वर्गात एक पूर्ण वाक्य बोलणे. ही वेदश्री म्हणजे अख्ख्या पहिलीत तोंड न उघडलेली पोरगी. घरी आजीशी भडाभडा बोलायची म्हणे, शाळेच्या फाटकात शिरली की गप्प.

आणि सगळ्यात खाली, 'टीचरचा गोल' म्हणून लिहिलं होतं: ऑक्टोबरपर्यंत चौतीस मुलांची नावं पाठ करणे.

मला हसूच फुटलं. म्हटलं, "अक्का, चेष्टा करतेस काय माझी?"

तीही थोडं हसली. मग म्हणाली, "राहू दे की तसंच. माझं खरं तेच आहे."

"खरं डोंबल! मॅडम वाचून काय म्हणतील? एकोणतीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि गोल काय तर नावं पाठ करणे! उद्या ऑफिसात बसवतील तुला."

ती खिडकीबाहेर बघत बसली. मी माझ्या तोऱ्यात होते. ते वाक्य सोडून दिलं आणि त्या जागी मस्त गुळगुळीत टाईप केलं की वर्गातल्या प्रत्येक मुलाचा बोलण्यातला सहभाग तीस टक्क्यांनी वाढवणे. वाचून दाखवलं. "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुला कळतं ते जास्त." आणि आपला रेघी कागद चार घड्या करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. कागद फेकायचा सोडून ठेवते कशाला, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

जुलैत तिच्या वर्गातून एक नवीन आवाज यायला लागला. भिंत पातळ, सगळं ऐकू येतं. टीचरनं प्रश्न विचारला की मूल उभं राहून आधी नाव सांगायचं, मग उत्तर. "मी सायली. आठ." "मी मुकुल. टीचर, पेन्सिल तुटली." पाणी प्यायला जायचं तरी आधी नाव. मी डबा खाताना विचारलं, हे काय नवीन काढलंस? म्हणाली, "पोरांना धीर येतो." मला पटलं. खरंच धीर येत होता. एक दिवस मी फळ्यावर लिहीत होते आणि पलीकडून अगदी बारीक, कधी न ऐकलेला आवाज आला, "मी वेदश्री." पुढं काही नाही, तेवढंच. मी खडू खाली ठेवून पळतच गेले. जयक्का त्या पोरीला पोटाशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरलेले. मी मनात म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात टीचर.

दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, मी कानाडोळा केला. एकाच डब्याच्या सुट्टीत तिनं मला तीनदा विचारलं, तुझ्या मुलीची परीक्षा कधी. मी म्हटलं, वय झालं. एकदा बसमधून दोन स्टॉप आधीच उतरली आणि घामाघूम होऊन तासाभरानं शाळेत पोचली. मी म्हटलं, डुलकी लागली असेल. टेबलावर काचेखाली बाकांचा नकाशा काढून त्यावर मुलांची नावं लिहिलेली होती. मला वाटलं, मॅडमना दाखवायला. आपल्या माणसाचं असलं काही समोर दिसलं तरी मन लगेच दुसरं कारण शोधून देतं. मला तर कारणं शोधायची हौसच दांडगी.

ऑक्टोबरमध्ये मॅडम तिच्या वर्गात बसल्या. माझा तास रिकामा होता, मी व्हरांड्यातून बघत होते. काय सांगू, इतका सुरेख तास! टीचरनं बोट केलं की पोर ताडकन उभं. मी हा, मी ती, आणि उत्तर. एकही मूल सुटलं नाही. शेवटी वेदश्री आपण होऊन उठली आणि म्हणाली, "मी वेदश्री. माझ्या आजीकडे दोन मांजरं आहेत." पूर्ण वाक्य! तिच्या गोलचं खरंच सोनं झालं. मॅडम मागच्या बाकावर भराभर लिहीत होत्या.

शनिवारी स्टाफ मीटिंग. मॅडमनी सगळ्यांचे शेरे सांगितले. जयक्काचा सगळ्यात वरचा. सहभाग तीस टक्के ठरवलेला, कुठल्या कुठं गेला. मॅडम म्हणाल्या, सुट्टीनंतर सगळ्या वर्गांत हीच पद्धत सुरू करायची, आधी नाव, मग उत्तर. आणि म्हणाल्या, "जयलक्ष्मी टीचर, तुम्हाला हे सुचलं कसं, दोन शब्द सांगा."

जयक्का उठली. पदर नीट केला. सगळ्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला नावं राहत नाहीत, मॅडम. म्हणून."

आणि आम्ही हसलो. सगळ्या. टाळ्या वाजवल्या. केवढी ही नम्र बाई, असं म्हणून मॅडमही हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण दाजीबानपेठेतला तो प्रभंजन मला ठाऊक होता, ह्या बाईला नावं राहत नाहीत म्हणे! जयक्का खाली बसली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. मी तिला अंगठा दाखवला.

दसऱ्याची सुट्टी गेली. नोव्हेंबरात एका बुधवारी ते घडलं.

शाळा सुटली की वर्गशिक्षिकेनं आपली मुलं फाटकाशी आणायची आणि ज्याचा माणूस येईल त्याच्या हातात द्यायची, हा आमचा नियम. त्या दिवशी दाजीबानपेठेच्या रिक्षावर नेहमीचा माणूस नव्हता, त्याचा भाऊ आला होता. त्याला पोरांची तोंडं माहीत नाहीत. त्यानं आवाज दिला, "सायली, दुसरी ब." सायली त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. जयक्कानं रांगेतून वेदश्रीचा हात धरला आणि तिला रिक्षापाशी नेलं. फाटकावरचा वसंतअण्णा नंतर सांगत होता. पोरगी म्हणाली, "मी वेदश्री." जयक्कानं तिची पाठ थोपटली. पोरगी परत म्हणाली, "टीचर, मी वेदश्री." जयक्का म्हणाली, "हो बाळ, शाबास," आणि तिला आत बसवून दप्तर मांडीवर दिलं.

पाच मिनिटांनी वेदश्रीची आजी फाटकात आली. त्या म्हातारीचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दीड तास. दीड तास आम्ही सगळ्या रस्त्यारस्त्यानं धावत होतो. जयक्का फाटकाशी उभी, हातात हजेरीपट, त्यातली नावं बोटानं खाली खाली वाचत. मग शाळेच्या फोनवर फोन आला. तो प्रभंजन बोलत होता, फॉलवाला. रिक्षावाल्यानं पोरीला सायलीच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं होतं आणि तो निघून गेला. पोरगी गल्लोगल्ली भटकून शेवटी रडत त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. त्यानं विचारलं, तर उभी राहून म्हणाली, "मी वेदश्री. दुसरी ब. जयलक्ष्मी टीचर." टीचरचं नाव ऐकून त्यानं लगेच शाळेला फोन लावला. मी गेले तेव्हा ती गादीवर बसून बिस्किट खात होती. मला बघून तिनं आधी आपलं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघी. मॅडम, जयक्का आणि मी. तिला एकटीला आत जाववेना, म्हणून मला घेऊन गेली. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. त्यांनी नुसतं विचारलं, टीचर, हे कधीपासून होतंय? जयक्कानं पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून तो रेघी कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि टेबलावर ठेवला. मॅडमना मराठी जेमतेम वाचता येतं. बोट ठेवून त्यांनी शेवटची ओळ वाचली, दोनदा वाचली.

"हे जूनमधलं?"

"हो."

"जूनमध्ये हे माझ्यासमोर आलं असतं, तर मी तुमच्याबरोबर वर्गात एक मदतनीस दिली असती. मार्चपर्यंत तुम्हाला कुणी हलवलं नसतं." मॅडमचा आवाज बसला होता. "फॉर्मवर तर दुसरंच आहे. ते कसं काय?"

 आता ही माझ्याकडे बघणार. बघू दे, मी म्हटलं मनात, बघितलं की मी सांगून टाकते.

तिनं बघितलं नाही. टेबलाकडे बघतच म्हणाली, "आठवत नाही, मॅडम."

मॅडमनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं, का नाही वाटणार? आणि मी, आयुष्यभर सगळ्यांच्या चुका दाखवत हिंडलेली मी, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तिला खरंच आठवत नव्हतं, की आठवत असूनही तिनं मला वाचवलं, हे मला कळलेलं नाही. आता कळायचंही नाही.

त्या दिवसापासून तिचा वर्ग बंद. ती ऑफिसातसुद्धा बसली नाही. दुपारी पोरं जेवायला बसलेली असताना छत्री घेऊन निघून गेली. दारात कुणी उभं नव्हतं.

मला धारवाडला जायला फेब्रुवारी उजाडला. रोज जाते म्हणायची आणि रोज काहीतरी निघायचं. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. शेवटी एका रविवारी सकाळी निघाले. बसमध्ये सगळं मनाशी घोकत गेले, जयक्का, तो फॉर्म मी बदलला, तुझं खरं मी खोडलं, मला चार शिव्या घाल पण माफ कर.

दार तिच्या यजमानांनी उघडलं. मुकुंदराव, कोर्टात कारकून होते, आता रिटायर. केवढे वाळले होते. म्हणाले, "या इंदुमती, तिचा अभ्यास चाललाय. बसा."

ती पडवीत खुर्चीवर बसली होती. स्वच्छ साडी, वेणी घातलेली, ती बहुतेक मुकुंदरावांनीच घातली असावी, वाकडी होती. मांडीवर एक कागद पालथा ठेवलेला, आणि डोळे मिटून ती म्हणत होती. आदित्य. अन्विता. कृष्णा. चिन्मयी.  दुसरी 'ब'ची हजेरी. मुकुल. सायली. वादिराज. वेदश्री. एकही नाव इकडचं तिकडं नाही, एकही सुटलं नाही. चौतीस झाली तेव्हा तिनं कागद उलटून ताडून बघितला आणि लहान पोरीसारखी खुशीत हसली.

"रोज सकाळी म्हणते," मुकुंदराव हळूच म्हणाले. "जूनपासून रोज. बसमध्ये, स्वयंपाक करताना. तेव्हा काही केल्या नावं बसायची नाहीत, ही रडायची. संक्रांतीनंतर एकदम सगळी बसली बघा. बाकीचं मात्र..." आणि ते चहा टाकायला आत गेले.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिचे हात धरले. म्हटलं, "जयक्का, तो फॉर्म..."

"ऑक्टोबरपर्यंत करायचं होतं," ती म्हणाली. "जरा उशीर झाला. पण सगळी पाठ झाली. मॅडमना सांगाल काय?"

"सांगते," मी म्हटलं. "सांगते की. अक्का, ऐक ना, तो फॉर्म मी..."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. अगदी तस्सं, पालकसभेला दारात नवीन माणूस आलं की ती बघायची तसं, आदरानं, थोडं पुढं वाकून.

"तुम्ही कुणाच्या आई?"

मी तिचे हात सोडले. मग मी उठले. दुसरी 'ब'तली पोरं उठायची तशी, हात खाली सोडून सरळ उभी राहिले.

"मी इंदुमती," मी म्हटलं. "टीचर, माझं चुकलं."

"शाबास," ती म्हणाली. "बस खाली." आणि तिनं मांडीवरचा कागद उचलला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक नाव खाली उतरत मला शोधायला लागली. शेवटच्या नावापर्यंत गेली. मग परत वर आली आणि पहिल्यापासून शोधू लागली.